बाबांच्या फळ्यावरचा भोवरा

बाबांनी रत्नागिरीत ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. दर वर्षी पाऊस जरा ओसरला की फळ्यावर एक भोवरा उमटायचा, समुद्रातल्या एका इवल्याशा अळीचा. वर शेंडीसारखा केसांचा झुपका, पोटावर केसांचाच पट्टा, आत घेवड्याच्या दाण्यासारखं वाकडं आतडं. खाली लिहायचे, ‘ट्रोकोफोर, म्हणजेच लोव्हेनची अळी’. एका पोराने पेपरात ‘लोहाराची अळी’ लिहिलं होतं. त्याला बाबांनी अर्धा मार्क दिला, कारण आकृती बरोबर होती.

मी स्वीडनमधल्या गोटेनबर्गला राहायला आल्यावर कळलं की त्या माणसाच्या नावाचा उच्चार इथे ‘लुवेन’च्या जवळपास जातो. फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “असेल. आता पोरांच्या वह्यांत दुरुस्ती कोण करणार?” म्हणून इथेही लोव्हेनच लिहिते. स्वेन लोव्हेन, स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ, जन्म १८०९, मृत्यू १८९५.

या जूनमध्ये बाबा पहिल्यांदा आले. येताना एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर यादी करून आणली होती: म्युझियम, तलाव, समुद्र. माझ्या यादीतले राजवाडे, बोटींची सहल आणि ‘आबा’ या पॉप बँडचं म्युझियम बघून म्हणाले, “हे तू तुझ्या सासूबाईंना दाखव.”

पहिला दिवस: स्टॉकहोम

विमानाचा शीण असतानाही बाबा सकाळी सहाला उठून बसले होते. बाहेर भर दुपारसारखं ऊन. “इथे पहाट कधी होते?” या प्रश्नाला जूनमध्ये उत्तर नसतं.

राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय आज शहराच्या उत्तरेला फ्रेस्काटीला आहे, पण तिथली इमारत १९१६ ची. लोव्हेनचं आयुष्य गेलं ते त्याआधीच्या जागेत. म्हणून आधी आडोल्फ फ्रेडरिक चर्चजवळचा वेस्टमन्स्का वाडा गाठला. बिअरच्या धंद्यावर श्रीमंत झालेल्या वेस्टमन घराण्याचा हा वाडा विज्ञान अकादमीने १८२८ मध्ये घेतला आणि जवळजवळ नव्वद वर्षं देशातले भुसा भरलेले प्राणी, दगड आणि स्पिरिटमधल्या बरण्या तिथे राहिल्या. आता तिथे परिषदा आणि मेजवान्या होतात. आम्ही गेलो तेव्हा एक टेम्पो खुर्च्या उतरवत होता. बाबा पाच मिनिटं फुटपाथवर उभे राहून खिडक्या मोजत होते.

“किती वर्षं होते लोव्हेनसाहेब इथे?”

“१८४१ ते १८९२.”

“एक्कावन्न वर्षं! एकाच खुर्चीत! आम्हाला अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ दिला.”

लोव्हेनकडे खालच्या दर्जाचे समजले जाणारे प्राणी होते. खालच्या दर्जाचे म्हणजे कणा नसलेले: शिंपले, गोगलगायी, कृमी, तारामासे. पक्षी आणि सस्तन प्राणी बघायला राजघराण्यातली माणसं यायची, बरण्यांतल्या किड्यांकडे कोण फिरकणार? पण याच माणसाने १८४७ मध्ये गोगलगायींच्या जिभेवरचे दात सूक्ष्मदर्शकाखाली मांडून दाखवलं की शंखाच्या आकारावरून केलेली वर्गवारी फसवी असू शकते, जिभेवरून केलेली जास्त भरवशाची. रॅड्युला म्हणतात त्या जिभेला, कानशीसारखी असते. बाबांच्या मते हे त्याचं सगळ्यात हुशार काम. “माणूस ओळखायचा तर कपडे बघू नयेत, काय आणि कसं खातो ते बघावं,” असं ते वर्गात सांगायचे. फुटपाथवर मलाही सांगितलं.

दुपारी फ्रेस्काटी. संग्रहालयाच्या बाजूलाच विज्ञान अकादमी आहे, जिथून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर होतं. तिथे बाबांचा फोटो काढला. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं. जवळच उंच खांबावर तांब्याचं जहाज आहे, नूरडेनशोल्डच्या ‘वेगा’ मोहिमेचं स्मारक. हा नूरडेनशोल्ड लोव्हेनच्याच संग्रहालयात खनिजांचा प्रमुख होता. युरोप-आशियाला वळसा घालून ‘वेगा’ १८८० मध्ये स्टॉकहोमला परतली आणि अख्खं शहर बंदरावर लोटलं. लोव्हेन ध्रुवाकडे गेला होता त्याच्या कितीतरी आधी, १८३७ मध्ये, वॉलरस मारायला निघालेल्या नॉर्वेजियन लोकांच्या गलबतावरून स्पिट्सबर्गनला. त्याचं स्मारक इथे नाही. तिकडे स्पिट्सबर्गनला काही हिमनद्यांना मात्र त्याचं नाव आहे.

आत डायनोसॉरपाशी शाळेच्या पोरांचा गोंधळ. बाबांनी विचारलं, सी-अर्चिन कुठे आहेत? एका काचेमागे सापडले. काटे झडलेलं, लिंबाएवढं, पांढरट कवच. बाबांनी काचेवर बोट टेकवून मोजलं: भोकांच्या पट्ट्या पाच, त्यांच्यामधल्या पट्ट्या पाच. “यांना रोमन आकडे, यांना साधे. हा नंबर कुठून सुरू करायचा, ते १८७४ मध्ये लोव्हेनसाहेबांनी ठरवून दिलं. गोल वस्तूला सुरुवात नसते ना! त्यांनी प्रत्येक पट्ट्यातल्या तोंडाजवळच्या तबकड्यांचा लहान-मोठेपणा बघितला. तो क्रम सगळ्या जातींत सारखा निघाला. जगभर अजून तेच आकडे वापरतात.” हे सगळं मराठीत आणि वर्गातल्या आवाजात. शेजारची आजी हसून बाजूला झाली.

दुसरा दिवस: व्हेटर्नचा काठ

गाडीने गोटेनबर्गकडे निघालो. वाटेत व्हेटर्न तलाव. ग्रेनाच्या अलीकडे हायवेलाच लागून ब्राहेहूस नावाचा पडका वाडा आहे. गाडी लावली, भिंतीतल्या रिकाम्या खिडकीतून खाली बघितलं आणि बाबा म्हणाले, “अगं, हा समुद्र आहे.”

तलावच आहे तो. १३५ किलोमीटर लांब, सगळ्यात खोल जागी १२८ मीटर, पाणी इतकं स्वच्छ की काठची गावं तेच पितात. पण बाबांची चूक आणि लोव्हेनचा शोध यात फार अंतर नाही.

झालं असं की व्हेटर्न आणि व्हेनर्न या दोन मोठ्या तलावांच्या तळातून वर आलेले काही छोटे कवचधारी प्राणी लोव्हेनच्या टेबलावर आले. त्याने पाहिलं की हे गोड्या पाण्यातल्या नेहमीच्या मंडळींचे नातेवाईक नाहीत. यांचे सख्खे भाऊ उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात राहतात, आणि त्यातले काही बाल्टिकच्या थंड तळाशी. १८६१ मध्ये त्याने ते मांडलं. समुद्रातला प्राणी, समुद्रसपाटीपासून ८८ मीटर उंच असलेल्या तलावात चढून आला कसा? लोव्हेन म्हणाला, तो चढला नाही. समुद्र इथे होता. हिमयुगाचा बर्फ वितळला, ओझं उतरलेली जमीन वर आली, समुद्राचा लचका मागे अडकला, वर्षानुवर्षं नद्यांच्या पाण्याने गोडा झाला. बाकीचे मेले. हे थोडे, खाली थंड काळोखात, बदलत्या पाण्याशी जुळवून घेत टिकले. त्यातल्या एकाचं नावच त्याने ठेवलं मायसिस रेलिक्टा. रेलिक्टा म्हणजे मागे ठेवलेली, सोडून गेलेली.

ते प्राणी नेमके कोणत्या टप्प्यात, कोणत्या वाटेने आले याबद्दल पुढच्या लोकांनी लोव्हेनच्या कथेत बरीच दुरुस्ती केली, हेही बाबांनी लगेच सांगितलं. मास्तर ते मास्तरच. पण हिमयुगाचे अवशेष ही मूळ गोष्ट टिकली. आणि जमीन वर येणं तर अजून चालू आहे, स्टॉकहोमच्या बाजूला वर्षाला चार-पाच मिलिमीटर.

“दिसतो कसा हा मायसिस?” मी विचारलं. मग मीच फोनवर चित्र शोधून दाखवलं. दीडेक-दोन सेंटिमीटर, काचेसारखा पारदर्शक, काळे टपोरे डोळे.

बाबांनी चष्मा वर केला. “जवळा आहे की गं!”

तर माझ्या डोक्यात आता व्हेटर्नच्या तळाशी हिमयुगातला जवळा आहे. आमच्याकडे त्याचं कांदा घालून सुकं करतात. इथे ते पुण्य रॉडिंग माशाच्या पदरात. तो मायसिस खातो, आणि आम्ही ग्रेनाला दुपारी लोण्यात परतलेला रॉडिंग खाल्ला. बाबांनी वरून मेतकूट भुरभुरलं. वेटरने बघितलं, काही बोलला नाही.

ग्रेनात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंट कांड्या मिळतात, पोल्काग्रीस. सोसायटीतल्या पोरांसाठी वीस घेतल्या.

तिसरा दिवस: गोटेनबर्ग

पाऊस. कपडे धुतले, भाजणीची थालीपिठं केली.

संध्याकाळी जरा उघडल्यावर स्लॉट्सस्कूगन बागेत फिरलो. तिथल्या निसर्गेतिहास संग्रहालयाजवळून जाताना बाबांना माल्मच्या देवमाशाची गोष्ट सांगितली. १८६५ मध्ये गोटेनबर्गजवळच्या उथळ पाण्यात निळ्या देवमाशाचं पिल्लू अडकलं. पिल्लू म्हणजे १६ मीटर! आउगुस्ट माल्म नावाच्या इथल्या प्राणिशास्त्रज्ञाने ते विकत घेतलं, कातडी सोलून लाकडी सांगाड्यावर चढवली, आणि जबडा उघडून आत बसायला बाकं केली. भुसा भरलेला निळा देवमासा जगात तो एकच.

मला वाटलं बाबा खूश होतील. ते म्हणाले, “मोठं जनावर काय, कोणालाही दिसतं.”

चौथा दिवस: उडेवाला

ई-सिक्स हायवेने उत्तरेला सव्वा तास. उडेवालाबाहेर कुरोडला शिंपल्यांचे डोंगर आहेत. डोंगर म्हणजे अक्षरशः. रस्त्यापासून थोडं झाडीत चाललं की समोर एक कापलेली दरड येते आणि तिच्यात माती जवळजवळ नाहीच, नुसते शिंपले. थर काही ठिकाणी दहा मीटरच्या वर. वर बर्चची झाडं, बाजूला गवतात गाई. समुद्र दिसतसुद्धा नाही.

बाबा दरडीसमोर उकिडवे बसले. मी नावं विचारायच्या आधीच त्यांचं सुरू झालं. “हे बघ, शिणाण्याच्या जातीतलं. हे मुळ्यांसारखं, पण मुळा नव्हे. हे पांढरे सुळके म्हणजे बार्नेकलचे तुकडे, आपल्या बंदरात होड्यांच्या बुडाला चिकटतात ते.” एक पंख्यासारखा शिंपला हातात घेतला, फुंकर मारली, अंगठ्याने कडेच्या रेषा चाचपल्या. बारीक पांढरी पूड बोटांना लागली. जपून जागच्या जागी ठेवला. इथून काही न्यायचं नाही, असा फलक त्यांनी माझ्याकडून आधीच वाचून घेतला होता.

या जागेला मोठी मोठी माणसं येऊन गेली. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस १७४६ मध्ये आला आणि थक्क झाला. इंग्लंडचा भूशास्त्रज्ञ लायेल १८३४ मध्ये आला, जमीन खरंच वर येते का ते बघायला, आणि खात्री करून गेला. पण शिंपले इतके उंचावर कसे, या प्रश्नात दुसरा एक प्रश्न झाकला गेला होता: हे शिंपले कुठल्या हवेतले? ते सांगायला दोन्ही समुद्र ओळखणारा माणूस हवा होता. लोव्हेन इथल्या किनाऱ्यावर तळ खरवडून शिंपले गोळा करत होता, आणि स्पिट्सबर्गनलाही जाऊन आला होता. त्याला या जुन्या थरांतले चेहरे ओळखीचे वाटले. खालच्या गलमार फ्योर्डमध्ये आज जगणारी मंडळी वेगळी. दरडीतले कित्येक जण मात्र आर्क्टिकवाले. म्हणजे इथलं पाणी तेव्हा स्पिट्सबर्गनसारखं गार होतं. हिमयुग ही कल्पनाच तेव्हा नवीन होती, बरेच विद्वान नाकं मुरडत होते. अशा वेळी एका माणसाने शिंपल्यांकडून साक्ष काढून घेतली.

परवा ज्या बर्फाने व्हेटर्नमध्ये जवळा मागे ठेवला, त्याच बर्फाचं हे दुसरं टोक. माझ्या डोक्यात हे इथे दरडीसमोर जुळलं. बाबांनी यादीचा क्रम बहुतेक म्हणूनच तसा लावला होता. विचारलं तर म्हणाले, “नाही, रस्त्यात जसं पडलं तसं लिहिलं.”

पूर्वी हे शिंपले कोंबड्यांच्या खाद्यात आणि रस्त्यांत घालायचे. केवढा इतिहास अंड्यांत गेला असेल, देव जाणे.

पाचवा दिवस: फिस्केबेकशिल आणि क्रिस्टिनेबेर्ग

आज समुद्र. स्काफ्टो बेटाला पूल आहे. फिस्केबेकशिल हे जुनं खलाशांचं गाव, पांढरी लाकडी घरं आणि गुळगुळीत तांबूस ग्रॅनाइट. कातळ इतके घासलेले की अनवाणी चालावंसं वाटतं. बाबा चाललेसुद्धा. हेही बर्फाचंच काम.

गावाच्या टोकाला क्रिस्टिनेबेर्ग सागरी संशोधन केंद्र. लोव्हेनच्या खटपटीने विज्ञान अकादमीने ते १८७७ मध्ये काढलं. जगातल्या अजून चालू असलेल्या सगळ्यात जुन्या केंद्रांत त्याची गणती होते. लोव्हेन तेव्हा ६८ वर्षांचा होता. त्याआधी चाळीस वर्षं तो आणि त्याच्यासारखे लोक उन्हाळ्यात इथे यायचे, भाड्याच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडायचे आणि कोळ्यांच्या होड्या घेऊन तळ खरवडायचे. पैसा आला ब्राझीलमधून. आंडर्स रेगनेल नावाचा स्वीडिश डॉक्टर छातीच्या दुखण्यामुळे गरम हवेच्या शोधात तिकडे गेला, बरा झाला, डॉक्टरकीत गडगंज कमावलं आणि मायदेशी विज्ञानासाठी वाटलं. थंडीला भिऊन पळालेल्या माणसाच्या पैशातून थंड पाण्याचा अभ्यास उभा राहिला, हे मला फार आवडलं.

जागा हीच का, ते बाबांनी मला पाण्याकडे तोंड करून समजावलं. गलमार फ्योर्ड २५ किलोमीटर लांब आणि आत जवळजवळ १२० मीटर खोल, पण तोंडाशी उंबरठा. उंबरठ्यावर खोली चाळीसेक मीटरच. वरून बाल्टिककडून येणारं मचूळ हलकं पाणी, मध्ये बाहेरच्या स्कागेराक समुद्राचं खारं, तळाशी आणखी खारं आणि थंड, जे उंबरठ्यामुळे आतच राहतं. एकाच जागी तीन समुद्र, थाळीसारखे एकावर एक. होडीने अर्धा तास गेलं की वेगवेगळ्या दुनियेतले प्राणी हाताला लागतात. केंद्रात आजही वरचं आणि खोलवरचं पाणी वेगवेगळ्या पाइपांनी प्रयोगशाळेत आणतात.

काम चालू असलेली जागा ती, म्युझियम नव्हे. आम्ही बाहेरूनच बघितली. रत्नागिरीत झाडगावच्या मत्स्यालयात पोरांची सहल नेणाऱ्या बाबांना आत जायची इच्छा झाली असणार, पण त्यांनी दाराकडे दोनदा बघून पाठ फिरवली. “त्यांना कामं करू दे. आपली प्रयोगशाळा आपल्याकडे आहे.”

प्रयोगशाळा म्हणजे: माझी जुनी नायलॉनची स्टॉकिंग, तारेच्या हँगरची कडी, टोकाला लोणच्याची रिकामी बाटली, आणि ऑनलाइन घेतलेला अंगठ्याएवढा सूक्ष्मदर्शक, फोनला लावायचा. काचेच्या पट्ट्या मी घरी विसरले. त्यावरून थोडी बोलणी खाल्ली. मग मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण कात्रीने कापून भागवलं.

गावातल्या धक्क्यावर बाबांनी जाळं दोरीला बांधून पाण्यात सोडलं आणि धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालले. वळले, परत आले. असे वीस मिनिटं. लुंगी असती तर थेट रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर. एक म्हातारे स्वीडिश गृहस्थ होडी धूत होते. त्यांनी विचारलं, काय पकडताय? मी म्हटलं, लोव्हेनची अळी. त्यांनी मान डोलावली, जणू रोज कोणीतरी तेच पकडायला येतं.

बाटलीत दीड इंच पाणी, किंचित धुरकट. उन्हात धरलं तर धुळीसारखे ठिपके, पण धूळ एवढी उड्या मारत नाही. बाबांनी ड्रॉपरने एक थेंब झाकणावर सोडला. फोन माझ्या हातात, झाकण त्यांच्या, दोघांचेही हात कापत होते. स्क्रीनवर आधी नुसतं हिरवट, मग सुयांसारखी शेवाळं, मग काहीतरी झपकन गेलं.

“थांब. मागे ने. मागे.”

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पारदर्शक, मागे टोकदार झालेला थेंब आला. पुढे एकच डोळा, जवळजवळ अख्खं डोकंच डोळा, काळाभोर आणि कडेला खड्यांसारखा चमकणारा. दोन फांद्यांसारखे हात मारत तो झटक्याझटक्याने फिरत होता. पाठीवरच्या पिशवीत आणखी काही होतं. बाबांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. पिशवीत पिल्लं होती, तीन असावीत, आणि प्रत्येकाला आईसारखाच एकेक काळा ठिपका. जन्माआधीच डोळे तयार.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “इव्हॅडने.”

“ट्रोकोफोर नाही?”

“नाही गं. ही इव्हॅडने नूरडमानी. पाण्यातल्या पिसवांच्या जातीतली, समुद्रात राहणारी.” आणि मग, अगदी हळू, “हिचं नाव कोणी ठेवलं माहितीये? लोव्हेनसाहेबांनीच. १८३६. सत्तावीस वर्षांचा पोरगा होता.”

म्हणजे अळीच्या आधी चार वर्षं. अळीचं काम १८४० चं: समुद्रात गरगरणारा तो केसाळ भोवरा म्हणजे वेगळा प्राणी नसून वलयवाल्या कृमीचं बाळपण आहे, हे त्याने तिचं रूप बदलताना बघून सांगितलं. ट्रोकोफोर हे नाव तर पुढे हॅटशेक नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने दिलं. नंतर कळत गेलं की शिंपल्या-गोगलगायींची पिल्लंही तशाच भोवऱ्यातून जातात. गांडूळ आणि गोगलगाय यांचं कुठेतरी मागे नातं असावं, या विचाराला त्या भोवऱ्याने मोठा आधार दिला. बाबांनी ३१ वर्षं जे चित्र काढलं, ते त्यांनी स्वतः जिवंत कधी बघितलं नव्हतं. हे मला त्या धक्क्यावर पहिल्यांदा कळलं. कॉलेजात तयार काचपट्टी होती, रंगवलेली, मेलेली, एका कोपऱ्यात तडकलेली.

अजून अकरा थेंब बघितले. इव्हॅडने पाच, जवळ्यासारखी पिल्लं खूप, एक काहीतरी गोल गरगरणारं दिसलं ते फोकस होईपर्यंत गेलं. मी म्हटलं, तोच असेल. बाबा म्हणाले, “असेल म्हणून मार्क देता येत नाहीत.”

पाणी परत समुद्रात ओतलं. बाटली दोनदा विसळून ओतली, एखादी चिकटून राहिली असेल म्हणून.

संध्याकाळी फेरीने समोरच्या लीसेशिलला गेलो, जायचं म्हणून. दहा-बारा मिनिटांचा प्रवास. नऊ वाजले होते आणि पाण्यावर अजून पिवळं ऊन होतं. बाबांनी विमानाच्या बोर्डिंग पासची मागची बाजू मांडीवर घेतली आणि चित्र काढायला लागले. आधी डोळा काढला.

“अळी नाही सापडली तरी चालेल ना?” मी विचारलं.

“चालेल काय? जून उशीर झाला. एप्रिल-मेमध्ये यायला हवं होतं.” पेन्सिल थांबली नाही. “पुढच्या एप्रिलची तिकिटं कितीला पडतात ते बघ. आणि ते मोजे जरा बारीक विणीचे घे.”